टू शॉर्ट नक्की कुठे?

आमच्या वन्संच्या हातात कात्री आली की त्या राणी, आणि तोंडात इंग्रजी आलं की त्या गरीब गाय. हे मी त्यांना तोंडावर सांगते, कारण नणंदेला तोंडावर बोलायची हिंमत या घरात माझ्याशिवाय कोणात नाही. त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावातही नाही.

वन्सं कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये केस कापतात. खिडकीजवळची खुर्ची वर्षानुवर्षं त्यांची. मग समोरच्या इमारतीत मोठं ऑफिस आलं आणि फक्त इंग्रजी बोलणाऱ्या बायका पार्लरमध्ये येऊ लागल्या. इंग्रजीत कौतुक करायचं तर 'टू' लावायचं, अशी वन्संची पक्की समजूत. टू नाइस, टू स्वीट, टू ब्यूटिफुल. आमच्या ओळखीत सगळेच तसं बोलतात, म्हणून कोणी कधी टोकलं नाही. एके दिवशी एका बाईचे केस हनुवटीपर्यंत झकास कापून, मागे आरसा धरून त्या कौतुकाने म्हणाल्या, "नाऊ टू शॉर्ट, मॅडम!"

बाईचा चेहरा खर्रकन उतरला. जिने केस कापले तीच म्हणतेय की नको तितके तोकडे झाले, मग दाद मागायची कोणाकडे? ती रडली, मालकीणबाईंकडे तक्रार गेली आणि वन्संची रवानगी मागच्या बेसिनवर झाली, डोकी धुवायला. खिडकीजवळच्या खुर्चीवर एक नवी मुलगी आली.

"एक इंग्रजी गिऱ्हाईक एकटीने सांभाळून दाखवा," मालकीणबाई म्हणाल्या. "शनिवारी दुपारी. जमलं तर खुर्ची तुमची, नाहीतर बेसिन आहेच."

"डोकी धुण्यात कमीपणा नाही गं," वन्सं मला म्हणाल्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. "पण माझा हात कात्रीचा आहे. दिवसभर पाण्यात घालून मरतोय तो."

मला असा संताप आला की हातातला पेला फोडावासा वाटला. ज्या बाईने अर्ध्या गल्लीची डोकी माणसांत आणली, तिने एका शब्दापायी बेसिनवर उभं राहायचं? मी ऑफिसात दिवसभर इंग्रजीतच पत्रव्यवहार करते. म्हटलं, मी शिकवते, बघू कोण अडवतंय.

"व्हेरी म्हणजे खूप," मी सुरुवात केली. "टू म्हणजे नको तितकं."

"नको तितकं म्हणजे किती?"

"अहो, ते काय मापात सांगायचं असतं?"

"माझं सगळं कामच मापात असतं," असं म्हणून त्यांनी मला स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि खांद्याला बोट लावलं. "इथे?"

"क्वाइट शॉर्ट. म्हणजे बऱ्यापैकी आखूड."

बोट हनुवटीशी आलं. "इथे?"

"व्हेरी शॉर्ट."

"आणि कानाच्या वर?"

"एक्स्ट्रीमली. त्याच्या पुढे गेलात तर मी माहेरी जाईन."

"मग टू शॉर्ट कुठे?"

"तसं नाही सांगता येत, वन्सं. ज्याला जिथून पुढे नको, तिथे त्याचं टू शॉर्ट. मला हनुवटीच्या वर एक बोटही चालणार नाही. तुम्ही मात्र कानापर्यंत कापून मजेत हिंडाल."

वन्सं बोट तसंच हवेत धरून थांबल्या. "म्हणजे त्याला डोक्यावर जागाच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ते गिऱ्हाईकाच्या मनात असतं. आणि मी माझ्या मनाने त्या बिचारीला सांगून मोकळी झाले." मग त्या इतक्या खूश झाल्या की मी नको नको म्हणेपर्यंत कात्री चाललीसुद्धा. संध्याकाळी आमचे हे घरी आले आणि दारातच थबकले. "ही कोण पाहुणी?"

"तुझीच बायको," वन्सं म्हणाल्या. "व्हेरी शॉर्ट."

शनिवारी मी पार्लरच्या सोफ्यावर जाऊन बसले. शेजारी आणखी दोघी ताटकळत होत्या. वन्संना मी आल्याचं आवडलं नसावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

गिऱ्हाईक आलं ते दार आपटतच. धिप्पाड बाई, कमरेखाली रुळणारी जाड वेणी. खिडकीजवळच्या खुर्चीत बसता बसता तिने हुकूम सोडला, "व्हेरी शॉर्ट! व्हेरी, व्हेरी शॉर्ट!"

माझा जीव भांड्यात पडला. यापेक्षा सोपा पेपर कोणाला मिळतो? मालकीणबाईही हाताने खूण करू लागल्या, कापा की. वन्संनी कात्री उचलली, आरशात पाहिलं आणि कात्री खाली ठेवली.

आता काय झालं वन्संना?

"आर यू क्वाइट शुअर?" वन्संनी विचारलं.

"अ‍ॅब्सोल्यूटली!" बाई गरजली.

तेव्हा मला दिसलं. वेणीचं टोक बाईच्या मुठीत होतं. तोंडाने कापा म्हणत होती आणि मूठ अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. जन्मभर डोकी हाताळलेल्या वन्संनी ती मूठ आधीच हेरली होती.

"अहो, तिने सांगितलंय ना?" मालकीणबाई मागून कुजबुजल्या. "नसती चौकशी कशाला? कापा आणि मोकळ्या व्हा."

वन्संनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्या बाईच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या खांद्याला बोट लावलं. "धिस इज क्वाइट शॉर्ट." मग हनुवटी. "धिस इज व्हेरी शॉर्ट." मग कान. "धिस इज एक्स्ट्रीमली शॉर्ट." एकही शब्द अडखळला नाही. मग त्यांनी हात मागे घेतला. "व्हेअर इज टू शॉर्ट? यू टेल मी."

आरशातल्या बाईच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू निवत गेला. तिने स्वतःचं बोट उचललं आणि खांद्याच्याही जरा खाली टेकवलं. "अबव्ह धिस," ती म्हणाली, "इज टू शॉर्ट." आणि मूठ सुटली.

मग ती हसली, डोळे पुसले आणि भडाभडा बोलली. सकाळी नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं, त्याला वेणी आवडते म्हणून ती मुळापासून उडवायला निघाली होती. "अँड आय लाइक इट टू," म्हणजे तिलाही ती आवडते, असंही तिने सांगून टाकलं. वन्संना सगळं कळलं की नाही, देव जाणे. त्यांनी मान डोलावली आणि बाईने दाखवलं होतं तिथेच, एका रेषेत, केस कापले.

बाईने मान इकडून तिकडे हलवली. केस खांद्याखाली छान झुलले. तिने वन्संचा हात हातात घेतला आणि मालकीणबाईंना ठणकावून सांगितलं की पुढच्या वेळी मला हीच बाई हवी, दुसरी कोणी नको. मी सोफ्यावर बसून खुशाल रडत होते. रुमाल आणायची अक्कल मला नव्हती, म्हणून ओढणीच ओली केली.

नव्या मुलीने आपणहून आपले कंगवे उचलले आणि पलीकडच्या खुर्चीवर मांडले. मालकीणबाई घसा खाकरून म्हणाल्या, "बरं तर. उद्यापासून खुर्ची तुमची."

"उद्यापासून का?" वन्संनी खुर्चीवरचे केस झटकले आणि माझ्या शेजारी ताटकळणाऱ्या बाईला हाक मारली. "या, बसा."