वाकड्या मोत्यांची माळ

“नीट बघा हो. घाईघाईत काही बोलू नका,” काउंटरपलीकडची बाई म्हणाली.

मोत्यांच्या दुकानात पारख करणाऱ्या ताईंनी पुन्हा बघितलं. खरं तर गरज नव्हती. माळ हातात घेतल्याबरोबर हलकी लागली होती, सगळे मणी एका साच्यातून काढल्यासारखे होते आणि भिंगाखाली भोकांच्या कडेला वरचा थर सोललेला स्पष्ट दिसत होता. तरी बाईच्या समाधानासाठी त्यांनी दोन मणी एकमेकांवर घासले. ओल्या साबणासारखे सरकले. खऱ्या मोत्यांना घासताना बारीक रव्यासारखं काहीतरी बोटांना जाणवतं. इथं त्याचा मागमूस नव्हता.

“काच आहे,” ताई म्हणाल्या. “वरून नुसता मुलामा. घेऊ नका.”

“अहो, पण विकणारी माझ्या नात्यातली आहे!”

ताईंनी माळ तिच्याकडे सरकवली. बाईनं माळ पर्समध्ये कोंबली आणि जाताना अशी नजर टाकून गेली, जणू ताईंनीच मोत्यांची काच केली होती. ताईंना आता त्याचं काही वाटत नसे. जन्मभर लोकांना नको ते सांगून त्या थकल्या होत्या. मान भरून यायची, दुपारनंतर उजव्या डोळ्यातून पाणी गळायचं. हल्ली मालक भारी माल परस्पर यंत्रावर तपासायला पाठवत. ताईंना त्याचा राग नव्हता. यंत्राकडे निदान कुणी डोळे वटारून बघत नाही.

भिंग पुसता पुसता त्यांचं लक्ष भिंतीकडेच्या बाकाकडे गेलं. तिथं काका बसले होते. काका म्हणजे मावशींचे यजमान. मावशींनी याच काउंटरवर ताईंना मोती ओवायला आणि पारखायला शिकवलं होतं. त्या कामावरून निवृत्त झाल्या आणि पुढे त्यांना विसरण्याचा आजार जडला. सुरुवातीला ताई भेटायला जायच्या. मग मावशींनी त्यांना ओळखणं सोडलं, आणि ताईंचे पायही तिकडे वळेनासे झाले.

“काका! कधीचे बसलात? हाक नाही का मारायची?”

“गिऱ्हाईक होतं ना तुझ्यापुढे.” काका उठून जवळ आले. आयुष्यभर टाइपरायटर दुरुस्त केलेला हा माणूस. मान सतत खाली, बोलणं मोजकं. आज तर शब्द ओढून काढावे लागत होते. “तुझी मावशी मला चोर म्हणते.”

“काय?”

“रोज. दुपारची झोप झाली की उठून बसते आणि विचारते, माझी माळ कुठंय? आणि मग मीच चोरली म्हणते. परवा खिडकीत जाऊन शेजाऱ्यांना ओरडून सांगत होती, घरात चोर शिरलाय म्हणून.” ते हसायला गेले, पण जमलं नाही.

ती माळ ताईंना चांगली ठाऊक होती. दुकानात आलेल्या मालातून वाकडे, खळी पडलेले मोती बाजूला निघत. थोरल्या मालकांनी मावशींना सांगून ठेवलं होतं, त्यातला एखादा आवडला तर घेत जा. मावशी फार चोखंदळ. महिनोन् महिने एकही घ्यायच्या नाहीत. असे वेचून वेचून त्यांनी माळ केली होती. कुठला मोती लिंबाच्या बीसारखा, कुठला एका गालानं सुजल्यासारखा, पण गळ्यात पडली की सगळी जत्रा गुण्यागोविंदानं नांदायची. काकांनी सांगितलं, दोनेक महिन्यांपूर्वी मावशी एकट्याच घराबाहेर पडल्या. संध्याकाळी बस डेपोजवळच्या बाकावर सापडल्या, तेव्हा गळा मोकळा होता. पडली, काढून घेतली, की त्यांनीच कुणाला देऊन टाकली, कळायला मार्ग नव्हता.

“मी बाजारातून एक आणून दिली,” काका म्हणाले. “दिसायला चांगली होती गं. तिनं दाताला लावली आणि थुंकली. म्हणते, काच आहे. आधी चोर होतो, आता लबाडही झालो.”

ताईंना हसू आलं आणि लगेच त्यांनी ते आवरलं.

“नवऱ्याचं नाव आठवत नाही तिला. पण काच कळते,” काका म्हणाले. “तुला ती माळ माहितीये. तशी एखादी करून देशील का? तिला फसवता येईल अशी दुसरं कोण करणार?”

ताईंनी होकार दिला, आणि काका गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय अंगावर घेतलंय. वाकडे मोती हल्ली सहजासहजी मिळत नसत. येतात ते सगळे वाटाण्यासारखे गोल. त्यांनी ओळखीच्या व्यापाऱ्यांकडच्या जुन्या डब्या धुंडाळल्या, तुटलेल्या माळा उसवल्या. सुट्टीच्या दिवशी खिडकीपाशी बसून त्या आठवून आठवून मोती लावत: सुजक्या गालाचा मध्ये होता, त्याच्या शेजारी तो चपटा, मग दोन लहान. दोन मोत्यांमध्ये रेशमी दोऱ्याची गाठ, तीही मावशींच्या पद्धतीची, मोत्याला टेकलेली पण त्याला न आवळणारी. मान आखडून जायची. सून म्हणाली, “आई, घरी तरी हे राहू द्या ना.” ताई म्हणाल्या, “हे दुकानाचं नाही गं,” आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागल्या.

माळ झाली तेव्हा त्यांनी ती हातावर घेऊन खूप वेळ पाहिली. त्यांची खात्री पटली. ही मावशींचीच.

पुढच्या सुट्टीला दुपारी त्या काकांकडे गेल्या. दार काकांनीच उघडलं. आतून आवाज आला, “कोण आहे? त्या माणसाला म्हणावं माझी माळ दे.”

मावशी पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंग पार वाळलं होतं, केस बारीक कापलेले, पण पाठ अजून ताठ. काकांनी माळ पुढे केली. “ही बघ, सापडली. कपाटामागे पडली होती.”

मावशींनी माळ घेतली. आधी तळहातावर तोलली. मग डोळे मिटून एकेका मोत्यावरून अंगठा फिरवला. पुढच्या दाताला हलकेच घासून पाहिली. खिडकीच्या उजेडात धरून भोकं पाहिली, गाठी पाहिल्या. ताई दाराशी उभ्या राहून हे बघत होत्या. पहिल्यांदा कामावर आल्या होत्या तेव्हा बघत होत्या तशाच.

“खरे आहेत,” मावशी म्हणाल्या.

काकांनी सुटकेचा श्वास सोडला.

“पण ही माझी नाही.”

काका पलंगाच्या कडेला टेकले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. ताईंना वाटलं, आपण उगाच या माणसाला आशा लावली. एवढे सगळे रविवार, एवढी डोळेफोड, आणि व्हायचं तेच झालं. आता आरडाओरडा सुरू होईल, शेजारी जमतील. त्या पाय काढता घ्यायच्या विचारात होत्या.

पण मावशी ओरडल्या नाहीत. त्यांची नजर अजून गाठींवरच होती. “ओवली कुणी?” त्यांनी विचारलं.

“मी,” ताई म्हणाल्या.

“हात चांगला आहे तुझा.”

या बाईच्या हाताखाली त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. ओवलेल्या माळा उसवून पुन्हा पुढ्यात टाकल्या जायच्या, तेही एक शब्द न बोलता. हे वाक्य त्यांनी आज पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही कुणी अनोळखी पोर समजून म्हटलेलं.

“विकायला आणलीस?” मावशींनी विचारलं.

ताईंनी काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत होते.

“हो,” ताई म्हणाल्या. “विकायची आहे.”

“मग गोल मोत्यांचा भाव सांगू नकोस. वाकडे आहेत. झाक मात्र छान आहे, आतून आल्यासारखी. एक खपली नाही कुठे.” मावशींनी माळ मांडीवर नीट पसरली आणि काकांकडे वळल्या. आवाज एकदम बदलला, दुकानातला झाला, आर्जवी पण ठाम. “तुम्ही घेताय का?”

काकांनी मान वर केली. क्षणभर त्यांना उमगेना. मग म्हणाले, “हो. घ्यायचा विचार आहे.”

“कुणासाठी?”

“बायकोसाठी.”

“घ्या मग खुशाल. माल खरा आहे. अशी माळ दोघींच्या गळ्यात सारखी दिसायची नाही.” मावशींनी एका वाकड्या मोत्यावर बोट ठेवलं. “तिला वाकडे चालतील ना? काहींना गोलच लागतात.”

“तिला वाकडेच आवडतात,” काका म्हणाले. त्यांनी मावशींच्या मांडीवरची माळ उचलली. “तुम्ही जरा घालून दाखवता का? गळ्यात कशी दिसते, अंदाज येईल.”

“तिची मान केवढी आहे?”

“साधारण तुमच्याएवढीच.”

मावशींनी मान पुढे झुकवली. काका त्यांच्या मागे जाऊन बसले. माळेचा आकडा बारीक होता आणि टाइपरायटरचे स्क्रू लीलया फिरवणाऱ्या त्या बोटांतून पुन्हा पुन्हा निसटत होता. ताई मदतीला पुढे झाल्या, पण काकांनी मानेनंच नको म्हटलं. बऱ्याच खटपटीनंतर आकडा बसला. मावशी ताठ झाल्या, हनुवटी थोडी वर केली आणि गिऱ्हाइकाला सगळ्या बाजूंनी दिसावं म्हणून सावकाश डावीकडे वळल्या, मग उजवीकडे.

“छान दिसते,” काका म्हणाले.

“तिला छानच दिसेल. पण काही गोष्टी सांगून ठेवा तिला. नाहीतर चांगला माल हातचा जातो.”

ताई दाराशी चपला घालत होत्या. निरोप घ्यायला मागे वळल्या, पण त्या दोघांचं लक्ष नव्हतं. मावशींचा एक हात गळ्यातल्या मोत्यांवर होता.

“अत्तर आधी लावायचं, माळ नंतर. घाम आला की मऊ फडक्यानं पुसायची. आणि पेटीत बंद करून ठेवायची नाही, रोज घालायची. अंगाला लागली की चांगली राहते. सांगाल ना तिला?”

“सांगतो,” काका म्हणाले.