पाटीवरची रिकामी वीत

मी पाटी. जालन्याच्या नरहर सेवलीकर वकिलांच्या ओट्यावरची. आज माझ्याकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी माझ्यासमोर चांगली एलएल.बी. झालेली पोरं चपला काढून उभी राहायची. माझं बोलणं तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते. वीस-बावीस वर्षं वकिलाच्या दारात काढल्यावर गोड बोलणं कुठून आणू?

माझा जन्म १९८१चा. त्या साली जालना जिल्हा झाला आणि नरहररावांच्या अंगात वारं शिरलं. "आता पत्र्याची पाटी शोभत नाही," असं म्हणून त्यांनी सागवानाची फळी आणवली. पुंजाराम पेंटरनं मला तीन हात काळा रंग दिला, उन्हात वाळवलं आणि पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'ॲड. नरहर सेवलीकर, बी.ए., एलएल.बी.' खाली वीतभर जागा उरली.

"साहेब, खाली एखादं कमळ काढून देऊ का? मोकळं मोकळं दिसून राह्यलं," पुंजाराम म्हणाला.

"राहू दे. तिथं ज्युनियरचं नाव येईल," नरहरराव म्हणाले.

मला ओट्याच्या भिंतीला लावलं, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. आणि मग त्या वीतभर जागेसाठी काय काय बघितलं मी!

नुसती परीक्षा पास होऊन वकिली चालत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. सुरुवातीला कुणातरी मोठ्या वकिलाच्या हाताखाली उभं राहावं लागतं. अर्ज कसा लिहायचा, साक्षीदाराला काय विचारायचं, न्यायाधीशासमोर मान किती वाकवायची, हे सगळं तिथंच शिकायचं. नरहरराव एका वेळी एकच ज्युनियर ठेवणार होते. "सेवलीकर साहेबांकडं लागलास म्हणजे तुझं भलं झालं," असं लोक म्हणायचे. त्यामुळे दर उन्हाळ्यात निकाल लागले की ओट्यावर पोरांची रीघ लागायची.

पण नरहररावांची एक तऱ्हा होती. पोराला सहा महिने कामावर घ्यायचे आणि त्याचं नाव माझ्यावर लिहू द्यायचे, पण खडूनं. तेही त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं. रस्त्याच्या धुळीनं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगानं ते पुसट व्हायचं, मग रोज सकाळी साहेबांकडून खडू मागून घ्यायचा आणि परत गिरवायचं. सहा महिने टिकला तर पुंजाराम येऊन रंगानं लिहील, असं कबूल केलेलं असायचं. खडू साहेबांच्या टेबलाच्या खणात कुलपात असायचा. नरहरराव कुणालाही तोंडानं 'नाही' म्हणत नसत. एखाद्या सकाळी पोरानं खडू मागितला की वर न बघता म्हणायचे, "खडू संपलाय." झालं. पोरगा समजायचा. काही समजायचे नाहीत, ते बिचारे दुकानातून नवा खडू घेऊन यायचे. त्यांच्यावर तर कोर्टातले कारकूनसुद्धा हसायचे.

आणि खरं सांगू? मीही हसायचे. माझ्यावर किती नावं आली आणि गेली! मला वाटायचं, काय माझा रुबाब आहे.

अरुंधती नावाची एक मुलगी आली होती. औरंगाबादहून पहिल्या वर्गात पास झालेली. साडेपाच महिने तिनं असं काम केलं की नरहररावांचे निम्मे अर्ज तीच लिहायची. एक दिवस तिनं सरळ विचारलं, "साहेब, माझं नाव रंगानं कधी लिहायचं?"

"अगं, लग्नानंतर नाव बदललं की परत रंगवावं लागेल. कशाला पेंटरला त्रास?" असं म्हणून ते मोठ्यानं हसले. ती हसली नाही. बाहेर आली, तळहातानं स्वतःचं नाव पुसलं आणि तोच पांढरा हात घेऊन रस्त्यानं निघून गेली. तिचं पुढं काय झालं मला माहीत नाही.

मग सत्त्याऐंशी साली भुजंग आला. भुजंग खांडेभराड, टेंभुर्णीचा. घरची शेती, बापाचं नाव कारभारी, आईचं द्वारकाबाई. खानदानात पहिला वकील. पहिल्याच दिवशी नरहररावांनी त्याच्या आडनावाची फिरकी घेतली. "एवढं लांबलचक नाव? अहो भुजंगराव, पाटी वाढवावी लागेल की!" भुजंग मान खाली घालून म्हणाला, "बारीक अक्षरात लिहितो साहेब." आणि खरंच त्यानं असं नेटकं लिहिलं की त्या जागेत बराबर बसलं.

पोरगा कामाला वाघ. सकाळी सगळ्यात आधी यायचा. ओटा झाडायचा, खरं तर ते त्याचं काम नव्हतं. पक्षकारांना पाणी द्यायचा. नरहरराव त्याला चारचौघांत "आमचे टेंभुर्णीचे बॅरिस्टर" म्हणायचे आणि तो ते ऐकून घ्यायचा. कोर्टातून येता-जाता मात्र माझ्याकडे एक नजर टाकायचाच. नाव आहे ना, एवढं बघायचा. सहावा महिना सरत आला, तेव्हा नरहररावांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "येत्या मंगळवारी पुंजारामला बोलावलंय." भुजंगाला वाटलं, जिंकलो. त्यानं घरी निरोप धाडला.

पण त्याच आठवड्यात नरहररावांच्या बहिणीचा मुलगा गिरिधर वकिलीची परीक्षा पास झाला होता. ओट्यावरचं बोलणं मी ऐकलं होतं. भुजंगानं ऐकलं नव्हतं.

मंगळवारी नेमकी अंगारकी. भुजंगाचे आईबाप राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन, नारळ आणि हळदकुंकू घेऊन थेट ओट्यावर आले. घरात कुणी नव्हतं, सगळे कोर्टात. कारभारी म्हणाले, "तू थांब इथं, मी पोराला आन् साहेबांना घेऊन येतो." आणि ते गेले.

द्वारकाबाई माझ्यासमोर उभी राहिली. तिला अक्षर येत नव्हतं. पण ह्याच फळीवर आपल्या लेकाचं नाव आहे, हे तिला माहीत होतं. तिनं आधी हात जोडले. मग हळदकुंकवाची डबी उघडली आणि थांबली.

"अगं बाई, किती धूळ बसलीया! अशा पाटीला कुंकू लावतेत का?"

पूजा करायची तर आधी पुसून घ्यायचं, हे तिच्या हाडीमासी मुरलेलं. देव असो, नांगर असो, चूल असो. तिनं तांब्यातलं पाणी पदरावर घेतलं आणि मला पुसायला लागली. वरून खालपर्यंत, निगुतीनं, कोपरेसुद्धा. नरहररावांचं नाव रंगाचं, ते चमकायला लागलं. खालचं खडूचं नाव तिच्या पदरात गेलं. सहा महिने तिच्या लेकानं रोज गिरवलेलं नाव तिनं दोन हातांत साफ केलं आणि समाधानानं मागं सरकून बघितलं.

त्या क्षणी मी हसले. लाकडाला हसता येतं की नाही माहीत नाही, पण मी हसले. मला ती मोठी गंमत वाटली.

मधल्या सुट्टीत सगळे आले. नरहरराव पुढं, मागं भुजंग आणि कारभारी, सगळ्यात शेवटी डबा-ब्रश घेतलेला पुंजाराम. भुजंगानं मला बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. कारभाऱ्यांना चार अक्षरं वाचता येत होती. त्यांनी रिकामी जागा बघितली, बायकोचा ओला, पांढरट झालेला पदर बघितला आणि तोंड मिटून घेतलं.

नरहररावांना मात्र हसू आवरेना. "वा! आमचं काम बाईंनीच केलं की!"

द्वारकाबाई लाजली. "त्यात काय साहेब, चांगलं लख्ख पुसून घेतलं."

"साहेब, मी परत लिहितो. एक मिनिट लागंल," भुजंग हळूच म्हणाला. "खडू द्या."

"खडू संपलाय," नरहरराव म्हणाले.

भुजंगानं पुढं केलेला हात मागं घेतला. नरहररावांनी खिशातून एक चिठ्ठी काढून पुंजारामच्या हातात दिली. म्हणजे ती आधीच लिहून ठेवलेली होती. पुंजारामनं वाचली. भुजंगाकडे बघितलं, मग त्या बाईकडे बघितलं. त्याचाही हात जड झाला असावा, पण पोट कुणाला चुकलंय? त्यानं ब्रश बुडवला.

"भुजंगा, तुझं नाव लिहून राह्यले का रे?" द्वारकाबाईनं विचारलं.

नरहरराव मजेत बघत होते, पोरगा आता काय बोलतो म्हणून.

"हो माय," भुजंग म्हणाला. "माझंच."

तिचे डोळे भरून आले. पुंजाराम एकेक अक्षर काढत गेला, 'ॲड. गिरिधर अंबेकर', आणि ती माउली प्रत्येक अक्षराला मान हलवत राहिली. रंग ओला होता म्हणून नावाच्या बाजूला तिनं हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा नरहररावांच्या हातावर ठेवला आणि पाया पडली. त्यांनी तो तुकडा खाल्ला! कारभारी रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून ही गोष्ट कोर्टभर झाली. भुजंग जालन्यातल्या पाच-सहा वकिलांच्या दारात गेला. सगळ्यांनी चहा पाजला, सगळ्यांनी हसू दाबलं आणि कालच एक जण ठेवला म्हणून सांगितलं. अंबडला गेला, भोकरदनला गेला, गोष्ट त्याच्या आधी पोचलेली. तरी तीन महिने तो रोज टेंभुर्णीहून काळा कोट घालून एसटीनं जालन्याला यायचा. आईला वाटावं, पोरगा कामावर चाललाय. इथं येऊन कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून राहायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. एकदा समोरच्या हॉटेलात बसून बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. मग तो यायचा बंद झाला. अंकुशनगरला साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून लागला, असं पक्षकारांच्या बोलण्यातून कळलं.

वर्षं गेली. नरहरराव वारले. गिरिधर मोठा वकील झाला, पक्षकार ओढायला मामाचं नाव त्यानं वर तसंच ठेवलं. भुजंगाची गोष्ट तो प्रत्येक नव्या ज्युनियरला पहिल्या दिवशी सांगायचा. पोरं खो खो हसायची.

आणि अठ्ठ्याण्णव साली, भरदुपारी, दोन म्हाताऱ्या ओट्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. एक द्वारकाबाई. कपाळ मोकळं, म्हणजे कारभारी गेले होते. दुसरी तिची शेजारीण साळूबाई. गावात म्हाताऱ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग निघाला होता, दोघी त्यात जात होत्या.

"ही बघ पाटी," द्वारकाबाई कौतुकानं म्हणाली. "भुजंगानं कारखान्यात कायमची नोकरी लागली म्हणून आपल्या खुशीनं वकिली सोडली. पण साहेबांनी नाव मिटवलं न्हाई, अजून हाय. माझ्यासमोर लिहिलेलं हाय ना! त्याला न सांगता आलीया मी. आज माझ्या डोळ्यानं वाचणार हाय."

तिनं बोट माझ्यावर ठेवलं. वरची ओळ सोडून खाली आली.

"गि... रि... ध... र." थांबली. परत पहिल्यापासून वाचलं. "साळे, भ कुठंय गं? मी पहिलं त्याचंच नाव शिकले. भ मला बराबर येतो."

तेवढ्यात गिरिधर बाहेर आला. "काय पाहिजे आजी?"

"इथं भुजंग खांडेभराड नावाचा वकील होता का दादा?"

"भुजंग?" गिरिधर खुशीत आला. "अहो तो कसला वकील! त्याची गंमतच झाली. त्याच्या आईनंच पाटी पुसता पुसता पोराचं नाव पुसलं, आणि माझ्या नावाला कुंकू लावून गेली! मामा मरेपर्यंत सांगून हसायचे."

द्वारकाबाईनं बोट माझ्यावरून काढलं. साळूबाईनं तिचा दंड धरला.

"अडाणी असंल बिचारी," द्वारकाबाई म्हणाली.

"तर काय!" गिरिधर म्हणाला आणि हसत आत गेला.

त्या दोघी पायरीवर बसल्या. मग साळूबाई रडायला लागली. द्वारकाबाई रडली नाही.

"अकरा वर्सं," ती म्हणाली. "अकरा वर्सं माझ्या लेकानं मला कळू दिलं न्हाई. त्याच्या बापानं बी मरेपर्यंत न्हाई. साळे, तुला माझ्या गळ्याची आण. भुजंगाला सांगू नको मी इथं आल्ते म्हणून."

"मंग काय सांगायचं अक्का?"

"सांग, राजूरला गेल्तो. गर्दी लई होती."

पदर सावरून ती उठली आणि दोघी एसटी स्टँडकडे गेल्या. तिनं वळून बघितलं नाही.

पुढं गिरिधरनं आत दिवा लागणारी प्लास्टिकची पाटी केली आणि मला मागच्या अंगणात हौदावर झाकण म्हणून टाकलं. अक्षरं खाली, पाण्याकडे. रंगाचे पापुद्रे निघालेत. त्याचं मला दुःख नाही. मी हसले होते, त्याची शरम मात्र जात नाही.

तुमच्यातलं कुणी टेंभुर्णीकडचं असेल, अंकुशनगरला काट्यावर ऊस घेऊन जाणारं असेल, तर माझी एवढी विनवणी ऐका. तिथं भुजंग खांडेभराड भेटेल. त्याच्याशी चार शब्द बोला, आईची खुशाली विचारा. पण ती इथं येऊन गेली, हे त्याला सांगू नका. तिला काहीच माहीत नाही, असं त्याला वाटतंय. तसंच वाटू द्या.