लेखावरचं पहिलं नाव

रविवारी सर घरी येणार म्हणून आईने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. सर म्हणजे मुलीचे विद्यापीठातले मार्गदर्शक आणि आता होणाऱ्या नवऱ्याचे सख्खे काका. तो पुतण्याही त्यांच्याच हाताखाली संशोधन करत होता. असं स्थळ चालून आलं, त्यामुळे वडिलांना स्वर्ग दोन बोटं उरला होता.

मुलगी वेगळ्याच आनंदात होती. एकमेकांत गुंतलेले दोन कण कितीही दूर गेले तरी त्यांचं नातं राहतं, पण बाहेरच्या धक्क्यांनी ते विरत जातं. ते कोणत्या अटीवर टिकेल, हे तिने काही वर्षं डोकं शिणवून सिद्ध केलं होतं. तिचं गणित तपासून सर म्हणाले होते, "चूक सापडत नाही." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलं नव्हतं.

सर पुतण्याला घेऊन आले. चहा झाला. सरांनी कप खाली ठेवला.

"हुंडा हा शब्दही आमच्याकडे चालत नाही. मी त्यावर व्याख्यानं देतो. फक्त हिच्या या शोधाचा जो लेख छापायला जाईल, त्यावर पहिलं नाव आमच्या या मुलाचं टाकू, हिचं दुसरं. त्याची नोकरी अडलीय. शेवटी घरातच राहणार ना?"

"एवढंच ना?" वडील म्हणाले. "मला वाटलं, गाडी मागताय की काय."

सगळे हसले. वडिलांचा चेहरा सैलावला होता. स्वस्तात सुटल्याचा आनंद त्यावर स्वच्छ दिसत होता.

ती पुतण्याकडे वळली. "माझ्या सिद्धतेतली ती अट काढली तर काय बिघडेल, सांगशील?"

तो मिशीवरचा बिस्किटाचा चुरा झटकत म्हणाला, "ते तू समजावशीलच की लग्नानंतर."

"नाव मिळणार नाही. आणि लग्नही होणार नाही."

आईने तिला आत ओढलं. "नाव तसंही बदलणारच आहे तुझं. एवढ्यासाठी ठरलेलं मोडतेस?"

"तुला नोकरी सोडायला लावली, तेव्हाही बाबा 'एवढंच' म्हणाले होते ना?"

आईने तिचा हात सोडला.

बाहेर सर चपला घालत होते. "माझ्या सहीशिवाय पदवी कशी मिळते, तेही बघ," ते शांतपणे म्हणाले. आवाज चढला असता तर तिला एवढी किळस आली नसती.

विभागप्रमुखांनी तिची तक्रार ऐकली आणि आपसात मिटवायला सांगितलं. शेजारच्या विभागातल्या एका बाईंनी तिला आपल्याकडे घेतलं, पण नव्याने नोंदणी करून; आधीची वर्षं धरली गेली नाहीत. वडिलांनी बोलणं टाकलं. सरांचे विद्यार्थी जिन्यात तिला बघून मोबाइलमध्ये डोकं खुपसू लागले.

मग पुतण्याचं दुसरीकडे जमलं. ती नवी मुलगी गणितात संशोधन करणारी, हुशार. विभागात पेढ्यांचा बॉक्स फिरला. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, तरी एकेकाने दोन दोन उचलले आणि बोटं चाटत अभिनंदन केलं. बॉक्स तिच्यापुढे आला तेव्हा ती उठून बाहेर पडली.

वसतिगृहात विचारत विचारत तिने त्या मुलीची खोली शोधली आणि दार वाजवलं.

"आत येऊ का? तुझ्या कामाबद्दल बोलायचंय. लग्नाआधी."