महाराजांचं केशर आणि रझियाचा एसी

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात पावसजवळच्या कातळावर जत्रा लोटली होती. केशरनाथ महाराज रोज पहाटे ध्यानखोलीतून केशराच्या कंदांचं ताट आणत, ते उघड्या दगडावर मांडत आणि मंत्र पुटपुटत. खाली माती नाही, वर पाणी नाही; तरी उन्हं येईपर्यंत जांभळी फुलं उमलत.

"काश्मीरच्या केशराला थंडी लागते, आमच्या केशराला तप पुरतं!" महाराज गरजत. "केशराची एक काडी जिभेवर ठेवा. मधुमेह, दमा, सांधेदुखी, सगळं पळेल!"

एवढे रोग एकदम पळून जातील कुठे, हे कोणी विचारलं नाही.

सगळ्यात पुढे श्रीपती हात जोडून उभे होते. चार दिवसांपूर्वी त्यांनी इन्सुलिन बंद केलं होतं. त्यांची बायको कुसुम विज्ञानाची निवृत्त शिक्षिका. सकाळीच तिने नवऱ्याची साखर तपासली होती, तीनशेच्या वर.

"अहो, इंजेक्शन घ्या."

"अगो, दगडावर फूल येतंय नि तू सुई घेऊन बसल्येस!"

"मंत्राशिवाय फूल आलं, तर घ्याल?"

"घेईन!"

कुसुमने महाराजांकडे मंत्र न घातलेला कंद मागितला.

"न्या की," महाराज हसले. "मंत्राविना तो नुसता कांदा!"

कुसुमने शेजारच्या रझियाचं दार ठोठावलं. रझियाच्या मुलाने, फैझानने, कतारहून आल्यावर घरात एसी बसवला होता.

"रझिया, हा पाहुणा ठेवून घे. त्याला गारवा लागतो."

"ठेव गो. जेवायला काय घालू?"

"काहीच नको."

तीन दिवस कोरड्या बशीत कंद, आणि घरी घागरभर पाणी पिऊनही तहानलेला नवरा. कुसुमचा जीव टांगणीला लागला. चौथ्या सकाळी फूल उमललं.

तिने बशी कातळावर नेऊन ठेवली. महाराज क्षणभर गांगरले, मग म्हणाले, "बाईंच्या अंगी सिद्धी आहे!"

"सिद्धी रझियाच्या एसीत आहे. तुमच्या ध्यानखोलीतही तोच घुमतोय, बाहेर ऐकू येतो," कुसुम म्हणाली आणि लोकांकडे वळली. "टोपलीतल्या कांद्याला कोंब फुटतो, तसंच हे. कळी आधीच कंदात तयार असते, पोसायला अन्नही आतच असतं. गारवा मिळाला की फूल येतं. मातीत लावून पोसला नाही, तर पुढच्या वर्षी हाच कंद वांझ. म्हणून महाराजांना दर वर्षी नवे कंद लागतात, आणि कोणाला कळू नये म्हणून नवं गाव."

महाराजांना एकाएकी मौनव्रत आठवलं.

श्रीपती मान खाली घालून पुढे आले. "चल घरी. सुई काढ."

निघताना कुसुम एवढंच बोलली, "केशर दुधात घाला, चवीला छान लागतं. आजाराला मात्र डॉक्टर गाठा. आणि चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा. खऱ्या देवाला त्याचा राग येणार नाही."