बारा व्होल्टची बॅटरी

आप्पांची जुनी मोटार सहा व्होल्टची होती, आणि तेवढ्यावर तिचा स्टार्टर नुसता कण्हायचा. म्हणून रोज सकाळी मुलगा पुढे उभा राहून हँडल मारायचा आणि आप्पा आत बसून चोक सांभाळायचे. गुडघे गेलेले, नजर अधू, पण चोक नेमका कधी आत ढकलायचा हे फक्त त्यांच्याच कानाला कळायचं. इंजिन धडधडलं की "हं, जा आता!" म्हणत ते असे उतरायचे, जणू कामावर तेच निघालेत. तेवढ्यासाठी ते दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालायचे.

मुलगा वायरमन. लोकांच्या घरी उजेड पाडतो आणि स्वतःच्या दारात घाम गाळतो, असं बायको चिडवायची. आप्पा लेकीकडे गेल्याची संधी साधून त्याने गाडी बारा व्होल्टची करण्याचा घाट घातला. बॅटरी बारा व्होल्टची, डायनॅमो नवा, कॉइल नवी, दिवे झाडून सगळे बदलले. पेट्रोलचा काटा जळू नये म्हणून त्याला रेझिस्टर लावला. स्टार्टर तेवढा जुनाच ठेवला, तर बारा व्होल्ट मिळताच तो असा गरगरला की स्वारी एकदम खूश!

आप्पा परतले. मुलाने एका बोटाने गाडी सुरू करून दाखवली.

"वा! सुटलास रे बाबा एकदाचा," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले, बॉनेटवरची धूळ पुसली आणि वर गेले. मग येईनासेच झाले.

"अहो, आप्पांनी कितीतरी दिवसांत दाढी केली नाहीये," बायको म्हणाली. "कशाला करू, म्हणतात."

त्याच्या आता लक्षात आलं. सगळ्या तारा तपासल्या, पण म्हाताऱ्याला काय काम उरेल, तेवढंच बघायचं राहिलं होतं. बापाचं काम आपण हिसकावलं, आणि वर शाबासकीही घेतली.

सकाळी त्याने स्टार्टरची तार सैल केली आणि जिन्यातून हाक मारली, "आप्पा, अडली हो गाडी! या जरा!"

आप्पा घाईघाईने दाढी उरकून आले, गालावर साबण तसाच. चोक, हँडल, धडधड.

"नव्याचं फार कौतुक करू नये," त्यांनी ऐकवलं. मुलाने मान खाली घातली. हीच थाप त्याने पुन्हा पुन्हा मारली. दर वेळी बापाला फसवल्याचं मनाला खायचं, पण इस्त्रीचा शर्ट पाहिला की तो गप्प बसायचा.

एके दिवशी तो खाली आला तर गाडी सुरूच होती. आत आप्पा, हातात पाना.

"तार घट्ट केलीय," ते म्हणाले.

"आप्पा, मी..."

"काम गेलं म्हणून वाईट वाटलं होतं रे, खोटं कशाला बोलू? पण पोराला आपली कीव येते हे कळलं, ते जास्त लागलं."

पाना त्याच्या हातात देऊन ते कठड्याला धरून वर गेले. गाडी सुरेख चालू होती. ती बंद करून आप्पांच्या मागे वर जावं की घेऊन कामाला निघावं, हे त्याला कितीतरी वेळ ठरवता येईना.