खारसोंड्याचा बांध रस्ता नाही

मी रस्ता नाही. आधी एवढं ऐकून घ्या, मग बाकीचं बोलू.

मी पेण तालुक्यातल्या खारसोंडे गावचा जुना मातीचा बांध आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मध्ये आडवा पडलेला मी. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू द्यायचं नाही, एवढं एकच काम मला येतं आणि चार पिढ्या मी तेच करतो आहे. माझ्या डोक्यावरून माणसं चालतात, हे खरं. पण आंब्याखाली म्हशी बसतात म्हणून आंब्याला कोणी गोठा म्हणतं का?

मित्रांनो, माझा जन्म चिखलातला. ओहोटी लागली की गावची माणसं खाडीत उतरायची, फावड्याने चिखलाचे गोळे कापायची आणि हातोहात वर द्यायची. मध्ये पेंढा घालून थर तुडवायचे. असे दोन उन्हाळे गेले तेव्हा कुठे मी पुरुषभर उंच झालो. माझ्या पोटात एक उघाडीही बसवली. उघाडी म्हणजे लाकडी झाप. भरती आली की ती पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते, आणि ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडते.

मला सांभाळायची रीत होती, तिला जोळ म्हणत. पावसाआधी घरटी एक माणूस बांधावर आलाच पाहिजे. कोणी नवा चिखल चढवायचा, कोणी खेकड्यांची बिळं बुजवायची. खेकड्याच्या बिळाला हसू नका. उधाणाच्या भरतीला पाणी त्याच बिळातून वाट काढतं आणि दोन घटकांत बांधाला भगदाड पडतं. आमच्याकडे त्याला खांड म्हणतात. ‘खांड गेली!’ अशी हाळी आली की ताटावरची माणसं उष्ट्या हाताने धावत.

अशीच एकदा उघाडीपाशी खांड गेली तेव्हा चिखल टिकेना. टाकला की वाहून जाई. हौसा नावाची एक बाई घरी पळाली, स्वतःच्या घराचं दार बिजागरीसकट उपटलं, डोक्यावर घेऊन आली आणि खांडीत आडवं घातलं. त्या दाराला टेकून चिखल बसला. हौसाचं घर अख्खा पावसाळा बिनदाराचं राहिलं, पण गावाचं भात वाचलं. ते दार माझ्या पोटातच राहिलं. मी त्याच्याबद्दल कधी बढाई मारली नाही. आज मारतो आहे, कारण वेळच तशी आली.

पुढे दिवस पालटले. पोरं रोह्याजवळ धाटावच्या कंपन्यांत लागली. शिफ्टची बस चुकवून जोळीला कोण येणार? चाळीस घरांतून चौदा माणसं येऊ लागली, ती पण गुडघे धरत. मी खचत गेलो. हौसाची सून इंदुबाई मात्र दर वर्षी येई. तिची तीन खाचरं उघाडीला लागूनच आहेत. ती माझ्यावरून चालताना बिळं शोधत चालते आणि खेकड्यांना अशा शिव्या घालते की मलाच लाज वाटते.

इंदुबाईची धाकटी मुलगी अपेक्षा पेणला औषधांच्या दुकानात काम करते. खारसोंड्यात मोबाइलला रेंज फक्त माझ्या डोक्यावर येते. म्हणून ती संध्याकाळी उघाडीच्या दगडावर येऊन बसते, आणि म्हणून मला सगळं कळतं. जगभरची माणसं फुकट, हौसेने मिळून एक नकाशा काढतात म्हणे. कोणीही त्यात रस्ते, विहिरी, देवळं भरायची. अपेक्षाने आमची विहीर भरली, मरीआईचं देऊळ भरलं, उघाडी भरली. मग एक दिवस तिने कपाळावर हात मारून घेतला.

रोह्याच्या रितेशने मला रस्ता केलं होतं!

हा रितेश धाटावला कंपनीत कामाला. सुट्टीच्या दिवशी घरी बसून, वरून काढलेली चित्रं बघून तो रस्ते आखायचा. वाईट माणूस नव्हे, पण भारी हट्टी. वरून मी त्याला सरळ, पांढरी रेघ दिसलो. खारसोंडे ते कणेखार, नऊ किलोमीटरचा वळसा वाचवणारा रस्ता. झालं, उरकलं बारसं!

अपेक्षाने ते खोडून ‘बांध’ लिहिलं. रितेशने पुन्हा ‘रस्ता’ केलं. तिने पुन्हा खोडलं. असं चार वेळा झालं. त्याचं उत्तर तिने आईला वाचून दाखवलं, “काही गावं वर्दळ नको म्हणून आपला रस्ता लपवतात. नकाशात आपल्या मनाचं लिहायचं नसतं, जमिनीवर असेल ते लिहायचं. चित्रात रस्ता स्पष्ट दिसतोय. पुरावा द्या.”

इंदुबाई म्हणाली, “जमिनीवर असंल ते? मंग त्याला सांग गो, एकदा जमिनीवर उतर म्हनावं.”

मला राग आला होता. माझ्या अंगात चार पिढ्यांचा घाम मुरलेला, आणि मी पुरावा द्यायचा? पण बांधाला तोंड नसतं. पाणी अडवणं एवढंच त्याचं बोलणं.

गणपतीला पाच दिवस होते. पेणच्या कारखान्यातून दहा मूर्ती घेऊन प्रवीण नावाचा ड्रायव्हर छोटा टेम्पो घेऊन कणेखारला निघाला. मोबाइलमधल्या त्याच नकाशाने त्याला माझ्या अंगावर घातलं. इंदुबाई खाचरातून हात हलवत ओरडत आली, “आरं थांब! यो बांध हाय!”

“मॅप सरळ दाखवतोय, मावशी!” म्हणून तो तसाच पुढे गेला. पावसाने मी भिजून लोण्यासारखा झालो होतो. उघाडीपाशी मागचं चाक रुतलं ते थेट आसापर्यंत.

मूर्ती उतरवल्या. बायामाणसांनी एकेक देव डोक्यावर घेतला आणि कणेखारला पोचवला. इंदुबाई वाटभर ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मध्येच थांबून डोक्यावरच्या मूर्तीला म्हणाली, “देवा, तुला नाय हां बोलले, त्या टेम्पोला बोलले.” प्रवीणसुद्धा एक मूर्ती घेऊन खाली मान घालून मागून चालला होता. मग दोर लावून टेम्पो ओढला. टेम्पो निघाला, पण माझ्या कुशीचा लचका घेऊन निघाला. अंधार पडेपर्यंत लोकांनी त्यात चिखल भरला. ओला चिखल एका दिवसात धरतो थोडाच!

दुसऱ्या दिवशी पिठोरी अमावास्या. भर दुपारी उधाणाची भरती चढली. मी जीव खाऊन उभा राहिलो, खोटं नाही सांगत. पण चाकाने केलेल्या वाटेने पाणी शिरलं आणि मी तिथे फुटलो.

“खांड गेली!” हाळी आली. धावून आली तीच चौदा माणसं. बाकीची शिफ्टवर होती. तीन भरत्या गेल्या तेव्हा कुठे खांड आवरली. तोवर इंदुबाईच्या तिन्ही खाचरांत खारं पाणी उभं होतं. भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. आता ते मीठ धुऊन निघायला तीन पावसाळे लागतील. इंदुबाई बांधावर बसून मोठ्याने रडली. मी चार पिढ्यांत इतका शरमलो नव्हतो.

अपेक्षाने खांडीचे फोटो काढले आणि रितेशला पाठवले. खाली लिहिलं, “हा घ्या तुमचा रस्ता.”

तो हादरला असणार. तासाभरात त्याने मला नकाशातून पुसून टाकलं. रस्ता नाही, बांध नाही, काहीच नाही. ‘चूक झाली, माफ करा,’ एवढंच लिहिलं.

अपेक्षा आणखीच भडकली. मीही भडकलो! अरे, चुकीचं नाव घेतलंस म्हणून माणसालाच नाही म्हणायचं? नकाशात आता खाडी आणि शेत यांच्यामध्ये काही उरलंच नाही. उद्या कोणी साहेब ते बघून म्हणेल, इथे बांध होताच कुठे, दुरुस्ती कसली मागता? अपेक्षाने लिहिलं, “पुसू नकोस. ये. चालत ये.”

रविवारी रितेश आला, पण सवयीने मोटरसायकल थेट माझ्यावर चढवली. इंदुबाई फावडं आडवं धरून उभी राहिली. “गाडी तिकडं! पाय नाय दिले का देवाने?” तो निमूट उतरला आणि गाडी गावात ठेवून आला. ती नेहमीची जोळ नव्हती, पण गाव खांडीवर चिखल चढवत होतं. इंदुबाईने त्याच्या हातात फावडं दिलं. दुपारपर्यंत त्याच्या तळव्यांना फोड आले. तक्रार केली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या डोक्यावरच वाद पेटला. गावातला दिनानाथ म्हणाला, “मी बोलतो, परत रस्ताच लिवा. आज नकाशात आला की उद्या डांबर येल. पोरांना शिफ्टला जायला बरं पडंल.”

दोघं-तिघं मान डोलावू लागली. मी घाबरलो. परक्याने चुकून रस्ता म्हणणं वेगळं, आणि आपल्या माणसाने जाणूनबुजून म्हणणं वेगळं.

 इंदुबाई चार पावलं चालली, वाकली आणि माझ्यातल्या एका बिळात कोपरापर्यंत हात घातला. तिने एक तगडा खेकडा बाहेर ओढला आणि दिनानाथसमोर धरला. “डांबराखाली यो दिसंल तुला? वरून चिखल कुठं चढवशील, डांबरावर? रस्ता पायजे तर गावामागून मागू, मी येते तुझ्यासंगं तालुक्याला. पन यो बांध हाय, नि बांधच ऱ्हानार!”

“ही म्हातारी ऐकायची नाय,” असं पुटपुटत दिनानाथने भाकरी मोडली. पण मान डोलावणारे थांबले होते.

दुपारी ओहोटीला खांडीचा तळ उघडा पडला. रितेशचं फावडं कशावर तरी खणकन वाजलं. त्याने हाताने चिखल बाजूला केला. सागवानी फळ्या निघाल्या, गंजलेली बिजागरी निघाली. इंदुबाई खाली उतरली, तिने बिजागरीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “माझ्या सासूचं दार हाय ह्ये.” मग तिने त्याला हौसाची सगळी गोष्ट सांगितली.

रितेशने हातातलं फावडं खाली ठेवलं. मग म्हणाला, “मावशी, मी पुरावा मागितला होता. चुकलो मी.” थोड्या वेळाने त्याने विचारलं, “हे दार वर काढून जपून ठेवायचं का?”

“कशाला? खांड बुजवायला घातलंय सासूनं, त्याला बुजवू दे,” इंदुबाई म्हणाली.

दार होतं तिथेच राहिलं. त्याच्यावर चौदा माणसांनी आणि पंधराव्या रितेशने चिखल चढवला.

संध्याकाळी उघाडीच्या दगडावर अपेक्षा आणि रितेश एका मोबाइलवर वाकून बसले. अजूनही भांडतच होते, पण आता भांडण बरोबर लिहिण्याचं होतं. रितेश सायकल चालेल म्हणत होता, अपेक्षा पावसाळ्यात नाही म्हणत होती. शेवटी लिहिलं, मातीचा बांध. वरून पायवाट. वाहनांना बंदी. मध्ये उघाडी.

“नाव काय लिहू?” रितेशने विचारलं.

इंदुबाई हातपाय धूत होती. तिने वर न बघता सांगितलं, “हौसाचा बांध.”

मित्रांनो, आता जगात कुठूनही बघा, खाडी आणि भात यांच्यामध्ये मी उभा दिसेन, त्या बाईच्या नावाने. नकाशा काढणं चांगलं काम आहे, खुशाल काढा. पण ज्या जागेवर बोट ठेवाल, तिथे आधी पाय ठेवा, आणि तिथे राबणाऱ्या माणसाला विचारा. नुसतं नाव लिहूनही मी टिकणार नाही. पावसाआधी जोळ असते. मागच्या वेळी चौदा घरं होती, या वर्षी रितेशने शिफ्ट बदलून घेतली आहे. तुम्हीही या. गाडी गावात ठेवा आणि चालत या. पुढचं उधाण येईल तेव्हा मी इथेच आडवा पडलेला असेन. बघू कोण हटतं ते.