दोन बोटं खाली

मित्रांनो, मी एका डोंगरी सायकलची जुनी सीट आहे. सीट म्हटले की तुम्हाला आराम आठवत असेल. माझ्यावर बसून आराम मिळालेला माणूस आजवर एकच झाला, आणि तो आज कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका.

माझा कारखाना मला आठवत नाही. जुन्या सायकलींच्या ढिगाबरोबर जहाजातून मी अल्जीरियाच्या बंदरात उतरले आणि ट्रकमधून जुर्जुराच्या डोंगरात आले. तिथल्या आठवडी बाजारात इदिरने आमची सायकल पाहिली. हिवाळाभर ऑलिव्ह तोडून मिळालेली मजुरी त्याने तिथल्या तिथे देऊन टाकली. इदिर म्हणजे ‘जगेल तो’. आधीची दोन बाळे दगावली, म्हणून त्याच्या आईने, तासादितने, हे नाव मुद्दाम ठेवले होते.

माझ्या पोटाखाली एक दांडी आहे. ती सायकलच्या नळीत उतरते आणि नळीच्या तोंडाशी नट आवळला की मी त्या उंचीवर राहते. इदिर ताडमाड उंच. पहिल्या दिवशी त्याने कासी मेकॅनिकच्या दुकानासमोर मला वर-खाली करण्यात अर्धी दुपार घालवली. टाच पॅडलवर टेकली की गुडघा सरळ व्हावा आणि कंबर डुलू नये, एवढीच त्याची कसोटी. ते जमले तेव्हा त्याने नट आवळला आणि नळीच्या तोंडालगत माझ्या दांडीवर लाल चिकटपट्टीचा वेढा दिला. ती त्याच्या मापाची खूण.

खरे सांगते, मी काही मऊ नाही. अरुंद आहे, कडक आहे. पण माप बरोबर असले की बसणारा सीटला विसरून जातो आणि सीटला त्याहून मोठे सुख नसते. इदिर मला तासन् तास विसरत असे.

दर उन्हाळ्यात तिथले सायकलवाले डोंगरात शर्यत भरवतात. सगळी हौशी मंडळी. कुणी मास्तर, कुणी पाव भाजणारा, कुणी टपाल वाटणारा. देवदारांतून लांब चढ, मग दगडगोट्यांचा उतार, आणि झऱ्यापाशी शेवट. इदिर तिसरा आला तेव्हा तासादितने अख्ख्या आळीला वाफवलेल्या रव्याचा कुसकुस खाऊ घातला. लोक सायकलीभोवती फिरून मला थोपटत होते. तेवढेच माझे कौतुक, पण ते मी अजून जपून ठेवले आहे.

मग एका सप्टेंबरात तो समुद्रापलीकडे जायला निघाला. कागदपत्रे नव्हती, होडी होती. जाताना तो बापाला म्हणाला, “बाबा, सीटला हात लावू नका हं. नाहीतर आल्यावर पुन्हा माप शोधत बसायला लावाल मला.” हसत म्हणाला होता. होडीत चढण्याआधी किनाऱ्यावरून त्याचा एक फोन आला. त्यानंतर आला नाही.

त्याचा बाप बेलाईद. तीस वर्षे घाटातली बस चालवून निवृत्त झालेला, बुटका, पोट सुटलेला. सायकल नुसती उभी राहिली तर टायर कुजतील म्हणून तो आधी तिला अंगणात फिरवू लागला, मग तिच्यावर बसून चालवू लागला, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याने शर्यतीत नाव दिले. शर्यतीचे फोटो फोनवरून जगभर जातात. इदिर कुठेही असो, फोटोत आपली सायकल दिसली की तो फोन करील, हे बेलाईदच्या मनाने घेतले होते.

“दा बेलाईद,” वडीलधाऱ्याला तिकडे लावतात तसा ‘दा’ लावून कासी म्हणाला, “सायकलवर बसलाय की अंजिराच्या झाडावर चढलाय? चार बोटं खाली घेऊ द्या.”

“हात लावायचा नाही.”

“अहो, पाय पोचत नाहीत तुमचे.”

“बसच्या ब्रेकवर तरी कुठं पोचायचे? तीस वर्षं एक माणूस पाडला नाही.”

तो घरी आल्यावर तासादितही रोज तेच म्हणे. “चार नाही तर नाही, दोन बोटं तरी खाली घ्या.”

“आणि फोटोत त्याला सीट खाली दिसली म्हणजे?” बेलाईद म्हणे. “त्याला वाटेल, बापानं आशा सोडली.”



मित्रांनो, त्या माणसाचे हाल मी जेवढे जाणते तेवढे त्याची बायकोही जाणत नाही. खालचे पॅडल गाठायला तो एकदा डावीकडे घसरे, एकदा उजवीकडे. मांड्यांच्या मधली कातडी सोलून निघे. गुडघ्यामागे कळ येई. मुंग्या येऊन हात बधिर होत, मग तो ते पिंडऱ्यांवर आपटून जागे करी. मला ओरडून सांगावेसे वाटे, बाबा रे, मी तुझी नाही. पण सीटला तोंड नसते.

उपाय सगळे झाले. ऑलिव्हचे तेल चोळून झाले, मलम झाले. तासादितने ईदच्या मेंढ्याचे कातडे कमावून माझ्यावर शिवले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. दुखणे कडकपणाचे नव्हतेच, उंचीचे होते, आणि त्या कातड्याने मी आणखी एक बोट उंच झाले. खोगीरभरती म्हणतात ती हीच.

अशी दोन वर्षे तो शर्यतीत उतरला. दोन्ही वेळा शेवटून पहिला आला, आणि उतारावर सायकल हातात धरून चालत आला. फोटो गेले. फोन आला नाही. तिसऱ्या वर्षी मात्र जिद्दीला पेटला. चालत उतरणाऱ्याचा फोटो कोण काढणार, असे म्हणू लागला. या वेळी उतार बसूनच करायचा.

शर्यतीला दोन दिवस होते. सकाळी त्याला पलंगावरून पाय खाली टेकवता येईना. तासादितने त्याच्या मांडीवरची पट्टी सोडली, जखम पाहिली आणि ती तिथेच जमिनीवर बसून रडली. तेव्हा तो म्हणाला, “बरं. दोन बोटं.”

कासीने नट सैल केला, मला दोन्ही हातांनी धरून पिळले. मी हलले नाही. त्याने तेल सोडले, व्हिनेगर ओतले, लाकूड ठेवून हातोडी मारली. माझी इच्छा होती, मित्रांनो, शपथेवर सांगते. पण घाम, धूळ आणि पाणी नळीत झिरपून माझी दांडी तिथे मुरली होती.

“शेवटची कधी काढली होती?” कासीने विचारले.

“काढायची कशाला? त्यानं ठेवली तशी ठेवलीय. तीन वर्षं.”

कासीने हातोडी खाली ठेवली. “दा, महिन्यातून एकदा काढून, पुसून, तेल लावून परत बसवायची असते. खूण होतीच की. आता कापावीच लागेल.”

“माझ्या लेकाच्या मापाला करवत लावतोस?” बेलाईदचा आवाज चढला. मग तो एकाएकी हसला, आणि ते हसू मला मुळीच आवडले नाही. “बघ, त्यालाच नकोय. तोच सांगतोय, राहू दे.”

शर्यतीच्या दिवशी तो मला धरून पायीच चढ चढला आणि माथ्यावर सायकलवर बसला. उतारावर अंग सीटच्या मागे न्यावे लागते आणि आखूड पायांच्या माणसाला एवढ्या उंच सीटमागे जाताच येत नाही. झरा दिसू लागला होता. पुढचे चाक दगडात अडकले, मागचे उडाले, आणि मी त्याला खालून असा धक्का दिला की तो हँडलवरून पलीकडे गेला. तीस वर्षे ज्याने एक माणूस पाडला नाही, त्याला मी पाडले.

खुब्याचे हाड मोडले. फोटो निघाला, बेलाईद दगडांत पडलेला आणि त्याच्यामागे मी, लाल पट्टीसकट उंच. तो फोटो मात्र सगळीकडे गेला. महिनाभर फोन उशाशी होता. ओळखीच्यांचे पुष्कळ आले.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने कासीला बोलावले. पलंग दाराजवळ होता, सायकल अंगणात.

“काप,” तो म्हणाला.

तासादित धावत आली आणि माझ्यावर हात ठेवून उभी राहिली. “मी दोन बोटं खाली घ्या म्हणत होते, इदिरचे बाबा. कापा म्हटलं नव्हतं.”

“उंच ठेवून आला नाही. आता कुणासाठी ठेवायची?”

तिने हात काढला नाही. कासीने तो हळूच बाजूला केला. करवत लाल पट्टीतून गेली. बेलाईद भिंतीकडे तोंड करून पडला होता.

आता मी तेलाच्या बरण्यांशेजारी फळीवर असते. मेंढ्याचे कातडे झडत चालले आहे. दांडीच्या टोकाला अर्धी पट्टी चिकटून आहे आणि ती सुटू नये म्हणून तासादित तिथला भाग पुसत नाही. बेलाईद काठी टेकत समोरून जातो, पण वर पाहत नाही.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. तुमची सीट महिन्यातून एकदा काढा, पुसा, तेल लावा. आपल्या पायांच्या मापाने बसा, दुसऱ्याच्या नव्हे, तो कितीही लाडका असला तरी. ज्याची खूण ठेवली आहे ते हलवायला भिऊ नका, ते पुन्हा जागेवर आणता येते. हलवलेच नाही तर ते अडकते.

माझ्या दांडीचा उरलेला तुकडा अजून त्या नळीत घट्ट बसलेला आहे. कासीने पुष्कळ खटपट केली, तो निघत नाही, म्हणून तिथे दुसरी सीट बसत नाही. उद्या इदिर दारात येऊन उभा राहिला, तरी त्याच्या सायकलवर त्याला बसायला जागा नाही.